जागा सांग

आमची मृणाली बारावीला नापास झाली होती. फिजिक्समध्ये. ही गोष्ट मी मुरुडच्या बाजारात, सुकटीच्या टोपलीमागं बसून, मोठ्या आवाजात सांगते. शेजारची मनुबाई मला कोपरानं ढोसते, "वेणू, हळू बोल गो, लोक ऐकतात." ऐकू देत की! बोंबील विकताना मी आवाज बारीक करत न्हाय, मग भाचीचं कौतुक सांगताना का करू? गिऱ्हाईक मात्र चक्रावतं. मार्क सांगणारी आते सगळ्यांनी बघितलेली असते, नापास सांगणारी पहिल्यांदाच भेटते. मग मी म्हणते, बाय, घाई नसेल तर टेक जरा. तुझी पण पोर दहावी-बारावीला हाय ना? मग ऐकच.

मृणाली म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, दयारामची मुलगी. दयाराम तांडेल हाय. होडी कुठं न्यायची, जाळं कुठं टाकायचं, सगळं तांडेलाच्या शब्दावर चालतं. आमचा कोळीवाडा आगरदांड्याच्या अलीकडं, दिघीला जाणारी फेरीबोट आमच्या किनाऱ्यावरून दिसते. माझं लग्न गावातल्या गावात झालं, त्यामुळं भावाच्या घरात काय शिजतंय ते मला माझ्या ओट्यावर बसून कळतं.

आता आमच्यातली एक रीत सांगते, तिच्याशिवाय पुढचं कळायचं न्हाय. मासळी कुठं मिळाली ते आमच्यात कोणी कोणाला सांगत न्हाय. सख्खा भाऊ सख्ख्या भावाला सांगत न्हाय. होडी पापलेटांनी भरून आली तरी तांडेल म्हणणार, "कशाचं काय, नुसतं डिझेल जाळलं." पण जाळं फाटलं तर ते सांगायचंच. पाण्याखाली खडक असतात, कुठं बुडालेलं जुनं गलबत असतं, वरून काही दिसत न्हाय. तिथं ज्याचं जाळं अडकून फाटलं, त्यानं किनाऱ्याला पाय लागला की आधी ती जागा सांगायची, मग घरी जायचं. देवळाचा कळस अन् डोंगरावरचा मोबाइलचा टॉवर एका रेषेत आला की तिथून थोडं दक्षिणेला, अशी. होडीवर जीपीएस आलं तरी आमच्याकडं जागा अशीच सांगतात. अन् ऐकणाऱ्यानं पण आपली रीत पाळायची. कसं फाटलं, झोपला होतास का, प्यायला होतास का, असलं काही विचारायचं न्हाय. एवढंच म्हणायचं, "जागा सांग." पुढच्यास ठेच मागचा शहाणा, हे शाळेत फळ्यावर लिहितात, आमच्यात ते किनाऱ्यावर करतात.

या रीतीत आमचा दयाराम सगळ्यांच्या पुढं. तरुणपणी होळीच्या पालखीवरून त्याचं अन् गुणाजीचं जोरात वाजलं होतं. गुणाजी आमच्याच आळीतला, स्वतःच्या होडीचा मालक. एक समोरून आला की दुसरा वाट बदलायचा. त्याच दिवसांत दयारामचं कोरं जाळं एका खडकावर फाटलं, अन् गुणाजीची होडी दुसऱ्या दिवशी तिकडंच जाणार होती. दयाराम ओल्या कपड्यांनी गुणाजीच्या दारात गेला. आत पाऊल टाकलं न्हाय, बरा हायस का म्हणाला न्हाय. दारातूनच जागा सांगितली अन् वळला. गुणाजीचं जाळं वाचलं, अन् भांडण पण तिथंच मिटलं. तेव्हापासून दयारामचा शब्द म्हणजे गुणाजीला देवाचा कौल. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

मृणाली दहावीला गावात पहिली आली. आमच्या शाळेत तेवढे मार्क आधी कोणाला पडलेच नव्हते. पोरांनी नाक्यावर बॅनर लावला. शाळेच्या गणवेशातला फोटो, दोन वेण्या, खाली मोठ्या अक्षरात 'कोळीवाड्याची शान'. कडेनं पुढाऱ्यांचे फोटो, ते तर लागतातच. मी त्या दिवशी बाजाराला जाताना रिक्षा बॅनरसमोर थांबवली, येताना परत थांबवली. रिक्षावाला म्हणाला, "आते, फोटो पळून चाललाय का?" म्हटलं, मेल्या, तुझ्या घरातलं कोणी लागलंय का कधी बॅनरवर? गप उभा रहा.

सायन्स घ्यायचं हे कोणी ठरवलं? कोणीच न्हाय. एवढे मार्क पडल्यावर सायन्सच घेतात, असं सगळा गाव म्हणाला, झालं. दयाराम तिला पनवेलच्या बाजूला एका क्लासमध्ये घेऊन गेला. भिंतभर डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो. तिथली पद्धत अशी की नाव कुठल्या तरी कॉलेजात घालायचं, पण कॉलेजात पाऊल टाकायचं न्हाय, दिवसभर क्लासलाच बसायचं, राहायचं पण तिथंच. आमच्या किनाऱ्यावरची चार-पाच घरं आपली पोरं तिकडं घालत होती, म्हणून दयारामनं पण घातली. त्या घरांतल्या पोरांचं पुढं काय झालं ते काही त्यानं विचारलं न्हाय.

दोन वर्षांनी निकाल लागला. मृणाली घरी आली ती सरळ मागच्या पडवीत जाऊन बसली. फिजिक्समध्ये नापास, बाकी सगळं काठावर. दयाराम तिला एक शब्द वाईट बोलला न्हाय, हे मी देवाशपथ सांगते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर, अजून लटकत असलेल्या त्या जुन्या बॅनरखालीच कोणीतरी विचारलं, "काय तांडेल, पोरगी डॉक्टर कधी होतेय?" अन् याच्या तोंडून निघून गेलं, "अरे, ऐन परीक्षेत कावीळ झाली तिला. पेपरच बुडाला."

झालं! कोळीवाड्यात एकदा कावीळ म्हटलं की सुटका न्हाय. संध्याकाळपर्यंत घरात ऊस आला, काढे आले, एक म्हातारी तर काविळीची माळ घेऊन आली अन् पोरीच्या गळ्यात घालूनच गेली. अन् काविळीला मासळी बंद. तेल बंद, तिखट बंद. कोळ्याची पोर, अन् तिच्यापुढं मऊ भात अन् मुगाचं पाणी! बाया येऊन ताटात डोकावून जायच्या, पथ्य पाळतेय ना म्हणून. शेजारी मांदेली तळल्या की ही पडवीत तोंडावर ओढणी घेऊन बसायची. मला हसू पण यायचं अन् दयारामला दोन ठेवून द्याव्यात असं पण वाटायचं. एक दिवस पोरगी माळ काढून आईला म्हणाली, "नापास झाल्याची शिक्षा मला कबूल आहे. न झालेल्या काविळीची नाही." अन् पिशवी भरून माणगावला मामाकडं निघून गेली. मामीनं पहिल्या दिवशी बोंबलाचं कालवण केलं, तर म्हणे तीन भाकऱ्या खाल्ल्या.

माणगावला तिनं सगळं पहिल्यापासून धरलं. जवळच्या साध्या कॉलेजातल्या मास्तरांकडं जाऊन बसायची, हे समजलं न्हाय, ते समजलं न्हाय, परत सांगा. पुढल्या परीक्षेला चांगली पास झाली, अन् तिथंच बीएस्सीला नाव घातलं, फिजिक्स घेऊन! मी म्हटलं, अगो बाय, ज्या पाण्यात बुडलीस त्यातच परत उडी? तर हसली नुसती. इकडं गावात मात्र कावीळ तशीच राहिली. दयारामनं ती उतरवली न्हाय.

आता खरी गोष्ट. दोन वर्षांमागच्या बंदीतली. जून लागला की दर्याला बंदी, होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, अन् सगळे पुरुष किनाऱ्यावर ताडपत्रीचा मांडव घालून त्यात जाळी शिवत बसतात. हात जाळ्यात अन् तोंड मोकळं. तेव्हाच नेमके पोरापोरींचे प्रवेश चालू असतात. मग काय विचारता! ज्याला त्याला अक्कल सुटते. त्या वर्षी गुणाजीची हेतल दहावीला झकास पास झाली. गुणाजी बोलला, "मला कोणाला विचारायची गरज न्हाय. दयाराम तांडेलानं आपली पोरगी जिथं घातली तिथंच माझी जाणार. मृणालीचं नशीब फुटकं, कावीळ आडवी आली, न्हायतर आज डॉक्टरच होती. जागा चुकीची असती तर दयारामनं मला आधी सांगितलं नसतं का?" सोमवारी पोरीला घेऊन पनवेलला जायचं ठरलं.

मृणाली तेव्हा सुट्टीला घरी आलेली. तिच्या कानावर हे गेलं त्या दुपारी मी वाटीभर कोलंबीचं कालवण घेऊन त्यांच्याकडं गेले होते. बाप-लेक जेवायला बसलेली.

"बाबा, गुणाकाकांना खरं सांगा," मृणाली म्हणाली. "हेतलला तिथं नको जायला."

दयारामचा घास थांबला. "काय सांगू? दोन वर्षं गावाशी खोटं बोललो म्हणून सांगू?"

"हो."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. तू गेलीस ना पुढं? मग झालं तर. हेतल हुशार हाय, काढेल वाट."

"मी पण हुशारच होते, बाबा."

मला राहवलं न्हाय. मी वाटी खाली ठेवली. "दयाराम, तुला ठाऊक असलेल्या खडकावर तू गुणाजीचं जाळं जाऊ देणार? तू?"

"ताय, हे जाळं न्हाय," तो माझ्यावर उखडला. "पोरीची अब्रू हाय. उद्या तिचं लग्न व्हायचंय. अन् माझं काय? तांडेलाचा एक शब्द खोटा निघाला की त्याच्या होडीवर कोण चढणार?"

मृणाली हळूच म्हणाली, "तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

"सगळ्यांसमोर बापाला खोटा पाडशील?"

पोरीचे डोळे भरले. ती ताट उचलून मोरीवर गेली. तिला बापापेक्षा मोठं कोणी न्हाय हो. लहानपणी होडी यायच्या वेळी ही किनाऱ्यावर पाण्यात कमरेपर्यंत जाऊन उभी राहायची, पहिली हाक आपली ऐकू गेली पाहिजे म्हणून. अन् हेतल हिच्याच कडेवर वाढलेली, हिच्याच जुन्या पुस्तकांवर शिकलेली. बोलली तर बाप तोंड दाखवायला जागा शोधणार, न बोलली तर ती पोर जाणार. मी त्या दिवशी माझ्या घरी जेवलेच न्हाय.

दुसऱ्या दिवशी मी मांडवात चहाची किटली घेऊन गेले. गुणाजी पेढे वाटत होता. हेतल नवा ड्रेस घालून बापामागं उभी. सल्ल्यांचा नुसता पाऊस. एक म्हणाला कम्प्युटर घे, त्याला मरण न्हाय. दुसरा म्हणाला नर्सिंग घे, परदेशात नेतात. बाळाजी खलाशी म्हणाला, नेव्हीत जा, तिथं जाळी शिवायला लागत न्हाईत. हेतल सगळ्यांना मान डोलवत होती, तोंडावर कसनुसं हसू. तेवढ्यात मृणाली आली. एका कोपऱ्यात बसली, सुई घेतली अन् फाटक्या जाळ्याला हात घातला. शिवता येतं तिला, बापानंच शिकवलंय. दयारामनं तिच्याकडं बघितलं अन् मान खाली घातली.

गुणाजी पेढ्याचा बॉक्स घेऊन दयारामपुढं उभा राहिला. "तांडेल, तू दोन शब्द सांग पोरीला. तुझ्या पोरीनं वाट दाखवली, त्याच वाटेनं पाठवतोय."

दयारामची सुई थांबली. सगळा मांडव त्याच्याकडं बघतोय अन् हा जाळ्यातली एकच गाठ चाचपतोय. मी किटली हातात धरून उभी, मनात म्हणतेय, बोल रे मेल्या, बोल.

बोलली मृणाली. "गुणाकाका, मला कावीळ झालीच नव्हती. मी नापास झाले होते."

दयाराम उठला अन् मांडवाबाहेर चालता झाला. कोणाकडं बघितलं न्हाय, चपला पण घातल्या न्हाईत. मृणालीचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, आता ही पण उठणार, बापामागं धावणार. तिनं सुई मांडीवर ठेवली, ओढणीनं नाक पुसलं अन् हेतलला म्हणाली, "इकडं ये, बस. माझं जाळं कुठं फाटलं ते तुला सांगते. नीट ऐक."

अन् सांगायला लागली. सुरुवातीला आवाज कापत होता, मग लागला सूर. "पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं, व्हेलॉसिटी म्हणजे काय? मी वहीत तोंड घातलं. आपल्या मराठी शाळेत वेग, त्वरण, बल सगळं मला तोंडपाठ होतं, पण त्यांची इंग्रजी नावं कानावर आली की वाटायचं, हे काहीतरी वेगळंच आहे. ते वेगळं नव्हतं गं. मराठी पुस्तक शेजारी उघडून बसले असते तर आठ-पंधरा दिवसांत बसलं असतं डोक्यात. पण मराठी पुस्तक बाहेर काढायची मला लाज वाटली."

"मग विचारलं का न्हाय गो?" बाळाजीनं मध्येच तोंड घातलं.

"कसं विचारणार, काका? नाक्यावर माझा बॅनर होता. बॅनरवरच्या मुलीला काही समजत नाही, असं कोणाला सांगायचं? इथं मी पहिली होते, तिथं मागच्या बाकावर होते. हेतल, ही जागा सगळ्यात वाईट. तू पण इथं पहिली आली आहेस. पहिल्याच दिवशी हात वर करायची सवय लाव. लोक हसतील. एक दिवस हसतील, दुसऱ्या दिवशी तेच तुझ्याकडं वही मागतील."

हेतल हळूच म्हणाली, "सगळे म्हणतात अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष. दहावीत एवढं केलंय तर..."

"मला पण म्हणाले. अकरावीतच माझं पहिलं भोक पडलं, आणि मी ते बारावीत शिवू म्हणून सोडलं. बारावीत शिवायला वेळ असतो का? आणि एक सांगू? दिवाळीत मी घरी आले होते, आठवतं? तू करंज्या घेऊन आली होतीस. तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की मी मागं पडतेय. बाबांनी विचारलं, कसं चाललंय? मी म्हटलं, बरं चाललंय. ती दिवाळी मला अजून आठवते. तेव्हा सांगितलं असतं तर चार टाक्यांचं काम होतं."

मांडवात कोणाची सुई चालत न्हाय. मी बघितलं, तर शाकारलेल्या होडीच्या पलीकडं, ताडपत्रीच्या खाली दोन अनवाणी पाय दिसत होते. दयाराम कुठं गेला नव्हता. होडीला पाठ लावून उभा होता, सगळं ऐकत.

मृणालीची पाठ तिकडं, तिला ते दिसलं न्हाय. ती बोलतच होती. "कॉलेज नुसतं नावाला होतं. दोन वर्षांत मी भिंगाला हात लावला नाही, तारा जोडल्या नाहीत. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत कुठली तार कुठं जोडायची तेच मला ठाऊक नव्हतं. माणगावच्या कॉलेजात गेले तेव्हा पहिल्यांदा प्रयोगशाळा बघितली. तुला कॉलेज बघायला नेलं ना, तर फोटोंची भिंत बघू नकोस. प्रयोगशाळेत जा आणि टेबलं बघ. डाग पडलेले असतील, तर तिथं मुलं काम करतात. आणि फोटो बघितलाच, तर विचार की बाकीची मुलं कुठं गेली? भिंतीवर दहा असतात, बाकावर दोनशे. तिथून जी मुलं नुकतीच बाहेर पडली असतील त्यांना जाऊन विचार. मास्तरांना नको, मुलांना विचार."

"आता एवढं सांगतेस," गुणाजी घोगऱ्या आवाजात बोलला, "पण मग तिनं घ्यायचं तरी काय?"

"ते मी सांगणार नाही, काका. तिला विचारा. हेतल, तुला काय आवडतं?"

हेतलनं बापाकडं बघितलं, मग पायाकडं. "मलाच ठाऊक न्हाय."

"मग ठाऊक नाही म्हण! लाजायचं काय त्यात? मला पण नव्हतं ठाऊक. पण मला कोणी विचारलं नाही, आणि मी कोणाला सांगितलं नाही. तुला शोधायला वेळ आहे. जिथं कॉलेजात जायला मिळेल, खेळायला मिळेल, चार विषयांना हात लावायला मिळेल, आणि संध्याकाळी घरी येऊन रडावंसं वाटलं तर आईजवळ रडता येईल, तिथं जा. रडू आलं म्हणजे कोणी मठ्ठ नसतं. मी तिथं बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे."

माझ्याबरोबर चहाचे कप घेऊन आलेल्या मृणालीच्या आईनं पदर डोळ्याला लावला. तिला पण हे आजच कळत होतं. मी तर आधीच रडत होते, किटली गार होऊन गेली तरी माझ्या हातातच.

तेवढ्यात दयाराम आत आला. मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला. होडी लागल्यावर तांडेल किनाऱ्यावर उभा राहतो ना, तसा. मृणाली त्याला बघून उठायला लागली, त्यानं हातानं बस म्हटलं.

"गुणा," तो म्हणाला, "ते जाळं पोरीचं न्हाय. माझं. तिला तिथं मी नेली. चार होड्या तिकडं दिसल्या म्हणून मी पण नेली, तळ बघितला न्हाय. अन् फाटलं ते तुला सांगितलं न्हाय. कावीळ मी लावली तिला. ती पनवेलला बाथरूममध्ये रडत होती अन् मी इथं बॅनरखाली मिशीला पीळ देत होतो." त्यानं मान वर करून गुणाजीकडं बघितलं. म्हणाला, "तुला जागा सांगायला दोन वर्षं उशीर झाला."

सगळे गुणाजीकडं बघतायत. गुणाजी तापट माणूस, पालखीवरून डोकी फोडायला निघालेला. त्याच्या कपाळाची शीर उडत होती. म्हटलं, आता हा पेढ्याचा बॉक्स भिरकावतो अन् हे दोघं मरेपर्यंत एकमेकांचं तोंड बघत न्हाईत. अन् खरं सांगायचं तर त्याचा हक्क होता. देवाचा कौल मानला होता त्यानं याचा शब्द.

गुणाजीनं एकदा हातातल्या पेढ्यांकडं बघितलं, एकदा हेतलकडं. मग त्यानं बॉक्स खाली ठेवला, मांडी घालून दयारामसमोर बसला अन् म्हणाला, "जागा सांग."

एवढंच. कसं फाटलं न्हाय, का लपवलंस न्हाय. आमच्या रीतीत जेवढं विचारायचं तेवढंच त्यानं विचारलं. दयाराम त्याच्या शेजारी बसला अन् लहान पोरासारखा रडला. मृणाली येऊन बापाच्या पाठीवर हात ठेवून बसली. बाळाजीला असल्या वेळी गप्प बसवत न्हाय, तो म्हणाला, "चला, दोन वर्षांनी का होईना, कावीळ उतरली!" सगळे असे हसले की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. मग गुणाजीच मृणालीला म्हणाला, "बोल पोरी, तुझं अर्धं राहिलं. आणखी कुठं कुठं फाटलं?"

त्या दिवशी माझ्या भाचीचा मला जेवढा अभिमान वाटला ना, तेवढा बॅनर लागला तेव्हा वाटला नव्हता. मार्क काय, डोकं असेल त्याला पडतात. आपलं फाटलेलं चार लोकांत पसरून दाखवायला छाती लागते, अन् ती आमच्या पोरीत हाय. दयारामचं म्हणाल, तर त्याच्या होडीवर चढायचं कोणी थांबलं न्हाय. उलट पुढल्या मोसमाला दोन नवे खलाशी मागून आले.

हेतल पनवेलला गेली न्हाय. एसटीनं मुरुडच्या कॉलेजात जायला लागली. पहिले सहा महिने सायन्समध्ये काढले, मग घरी येऊन सरळ म्हणाली, मला हे जमत न्हाय, अन् आवडत पण न्हाय. गुणाजीचा पारा चढला, पण मृणालीनं फोनवरून त्याला समजावलं. पोरीनं पुढल्या जूनला कॉमर्स घेतलं. वर्ष गेलं एक, जाऊ दे. तेव्हापासून दर बंदीत आमच्या मांडवात ही नवी रीत पडलीय. कोळीवाड्यातून जो कोणी शिकायला बाहेर गेलाय त्यानं एक दिवस येऊन बसायचं अन् आपलं जाळं कुठं फाटलं ते दहावी-बारावीच्या पोरांना सांगायचं. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष राहिलेला एक येतो, नर्सिंग सोडून परत धरलेली एक येते. मोबाइलपायी रात्री जागून सकाळची लेक्चरं बुडवणारा एक हाय, तो बोलतो तेव्हा पोरं सगळ्यात जास्त कान देतात. काशीदवरून पण दोघं आली होती यंदा ऐकायला.

यंदा मृणाली बीएस्सी झाली. बॅनर लावायला पोरं आली, तर तिनं हाकलून दिली. म्हणाली, त्यापेक्षा मांडवाची ताडपत्री बदला, गळतेय.

अन् परवाच्या दिवशी हेतल मांडवात आली. अकरावी कॉमर्सला ती पहिली आलीय, असं गुणाजी आधीच सगळीकडं सांगत सुटला होता. आत आल्या आल्या बाळाजी ओरडला, "ये ये, हेतलबाय! मार्क किती पडले ते सांग आधी!" ती लाजली, आकडा सांगायला तोंड उघडलं. समोर पाच-सहा पोरं बसलेली, दहावी झालेली, वर तोंड करून तिच्याकडं बघत.

दयारामनं सुई खाली ठेवली अन् तिला बसायला जागा करून दिली.

"मार्क राहू देत रे मागनं," तो म्हणाला. "हेतल, जागा सांग."